बॅटरी बदलण्याआधी अर्थची वायर बघा
भाऊ, गाडीचं स्टार्टचं बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’ वाजतं म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. बटण दाबून धरल्यावर १० च्या खाली कोसळले, तर बॅटरी थकली. (आमच्या भुसावळच्या उन्हात ती लवकरच थकते, ते वेगळं.) पण आकडा १२ च्या वरच राहिला, तर करंट स्टार्टरपर्यंत (इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत) पोचतच नाहीये. माझं तेच झालं होतं. बॅटरीचा मायनस आणि इंजिनाचा रंग नसलेला भाग यांत मीटर धरून बटण दाबलं, तर थेट आठ व्होल्ट! अर्धा व्होल्टही नको तिथे. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थच्या वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी) हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, एका बटणात चालू.