मंडळाची मेल-लिस्ट. विषय: रायफल कोणती, .३१५ (तीनशे पंधरा) का ३०-०६ (तीस-झिरो-सिक्स)? (डुकरांसाठी, दारव्ह्याकडे)

नितीन (सध्या गावी):
मंडळी, घाईत लिहितोय, इथे नेट दुपारीच बरं चालतं. तूर शेंगांवर आलीय आणि डुकरं रात्री नाल्यातून वर येऊन धुऱ्याकडच्या ओळी आडव्या करून जातात, हरभऱ्याचं तर विचारूच नका. काकांच्या हातात डुकरं मारायच्या परवानगीचा कागद आहे, रीतसर, मागच्या वर्षीची चर्चा परत नको. घरात जुनी बाराबोर (छर्ऱ्यांची बंदूक) आहे, लायसन्सवर दुसरं हत्यार चढवता येतंय. यवतमाळात एक रिटायर्ड गृहस्थ ईशापूरची .३१५ विकतायत, आणि नागपुरात एकाकडे त्याच्या वडलांची ३०-०६ आहे, दुर्बिणीसकट, किंमत दुपटीच्या वर. मचाणापासून नाला दीडशे मीटर. टेक्सासवाले दरवर्षी जाता ना डुकरांवर, मग सांगा काय घ्यावं. यवतमाळवाल्यांना परवा उत्तर द्यायचंय.

विनय (कॅटी):
३०-०६, डोळे झाकून. १९०६ पासून चालतेय ती काय उगाच? माझी .३०८ आहे, दीडशे ग्रेन वजनाची गोळी, शंभर यार्डांवर झिरो केली (म्हणजे निशाणा तिथे बरोबर जुळवला) की दोनशेला तीन-चार इंच खाली उतरते, म्हणजे तुझ्या अंतराला हिशोबच करायचा नाही, खांद्याच्या किंचित मागे धर आणि घोडा ओढ. ३०-०६ तिच्यापेक्षा अंगुळभर जोरातच. पोरीसाठी .२४३ घेतलीय, धक्का कमी, मादी आणि पिल्लावळीला पुरते, पण जुन्या नराच्या खांद्यावर जी जाड ढाल असते ना तिथे हलकी गोळी मारायला मला आवडत नाही. सहा-पॉइंट-पाच क्रीडमूर या मापाचं इथे सध्या फार खूळ आहे, ती लांबच्या निशाण्याला छान, दीडशेला काय करायची? आणि इथे २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुकरांना हंटिंग लायसन्सही लागत नाही, त्यामुळे प्रॅक्टिस भरपूर. कधीही फोन कर.

प्रमोद (एडिसन):
विनय तुह्यं टेक्सास तुह्यापाशी ठेव राजा. नितीन, त्या नागपूरवाल्याले आधी विचार का काडतुसं किती देतो बाप्पा. ३०-०६ ची गोळी तिकडे बाहेरून आलेली, भेटली तं भेटली, आन भाव ऐकून काका मचाणावरून खाली पडतीन. काडतूस नसलं तं रायफल म्हंजे मुसळ. .३१५ चं काडतूस आपल्या खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीचं, बुडाले केएफ लिहून असते, यवतमाळ-अमरावतीत दुकानदाराजवळ आज नाही तं उद्या येते. हे आठ एमएमचं जुनं मॅनलिकर रायफलचं काडतूस होय, फौजेच्या मापाची गोळी साध्या माणसाले भेटू नाही म्हणून इंग्रजाइनं हे वेगळं माप चालवलं. .३०३ आजही आपल्याले घेता येत नाही ते त्याच्यातच आलं. गोळी जड आन हळू. शंभर मीटरपर्यंत डुकराले मस्त, त्याच्यापुढे भसकन खाली येते. माये बाबा अंबाझरीच्या दारूगोळा फॅक्टरीत होते, मले माहीत आहे.

विनय (कॅटी):
प्रमोदभाऊ, अंबाझरीत रायफलची काडतुसं कधी बनली? तिथे रॉकेटं आणि तोफेचे गोळे.

प्रमोद (एडिसन):
मी बनवत होते म्हटलं काय? फॅक्टरीतल्या माणसाले दारूगोळा समजते येवढंच म्हटलं. कॉलनीत राहून पाय मंग बोल.

मंगलाताई (पांढरकवड्याची, आता टोरांटो):
नितीन, दीडशे मीटर, दीडशे मीटर सगळे करताहेत, त्याच्या पुढे काय आहे ते कुणी विचारलं नाही. तिकडची जमीन ताटासारखी सपाट, आणि तुरीच्या दिवसांत प्रत्येक वावरात जागल असते. माझा भाऊ रात्रभर दुसऱ्याच्या धुऱ्यावर शेकोटी करून बसायचा, कुणाला न सांगता, कारण तिकडे तंबाखू होती. रायफलची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाते, .३१५ हळू म्हणून काही जवळ पडत नाही. साध्या पॉइंट टू-टूच्या काडतुसांच्या डब्यावर दीड मैल धोका लिहिलेलं असतं. विनय ओकच्या झाडावर बांधलेल्या मचाणातून खाली मारतो, त्याच्या मागे कुंपणापर्यंत कोणी नसतं. नाल्यापलीकडे धनगरांच्या मेंढ्या बसतात का सध्या?
त्यापेक्षा सोलरचं झटका मशीन लावा ना.

सुहास (डॅलस):
झटका मशीन आमच्याकडे वाशीमला लावलं, चार दिवस घाबरली, नंतर डुकरांनी तारेखालची माती उकरून वाट केली. गवत तारेला लागलं की करंट जमिनीत जातो, रोज धुरा साफ ठेवायला माणूस लागतो, तो माणूस जागलीला बसवा.
पण कुणी रोह्यावर (नीलगायीवर) बोलत नाही. आपला रोही इथे दक्षिण टेक्सासमध्ये मोकळा फिरतो, किंग रँचवर गेल्या शतकात आणून सोडला होता. इथले गाइड त्याच्यासाठी .३०० विन मॅगसारखी जोरदार रायफल सांगतात, कारण गोळी लागूनही पळतो आणि रक्ताचा माग फार सांडत नाही. कागदावर रोही असेल तर .३१५ चा विचार दोनदा करा.

नितीन:
कागदावर फक्त रानडुक्कर.

अनिल (लिस्ट बघणारा):
ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. संक्रांतीच्या हॉलचे पैसे अर्ध्या लोकांचे बाकी आहेत. विषय कायद्याचा आहे म्हणून एकदाच लिहितो: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाल्यावर डुक्कर आणि रोही दोन्ही शेड्यूल दोनमध्ये आहेत, उभ्या पिकाचं नुकसान म्हणून कलम अकराखाली लेखी परवानगी मिळते, ती ज्याच्या नावाने तोच, जिथली तिथेच. मेलेलं जनावर सरकारचं, त्यामुळे मटणाचे विनोद लिस्टवर नकोत (सुहास, तुझा मेल मी अडवलाय).

सुहास (डॅलस):
तो विनोद इथल्या डुकराचा होता, अनिलराव. आणि हॉलचे माझे पैसे आलेत, वहिनींना विचारा.

नितीन:
ताई, मेंढ्या आहेत. आज काकांना घेऊन दिवसाउजेडी गेलो. पलीकडे मेंढ्यांचा तळ आहे, शिवाय एका वावरात सालदाराची खोपडी, जी मचाणावरून दिसतच नाही, तुरीआड जाते. नाल्याची पलीकडची दरड पुरुषभर उंच आहे, पण या मचाणावरून गोळी दरडीच्या डोक्यावरून जाईल. म्हणून मचाण बाभळीवर हलवतोय, नाल्याच्या काठाला. तिथून डुकरं वर चढायची वाट खाली दिसते, मागे दरड, अंतर साठ मीटरच्या आत. वर चढून तुरीत आलेल्या डुकरावर बार नाही, हे काकांनीच ठरवलं. मग ३०-०६ ला एवढे पैसे कशाला, .३१५ ला हो म्हणतोय. बाराबोर एल.जी. (मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसां) सकट हाताशी राहील, पण ती तीस-चाळीस मीटरची गोष्ट, छर्रे पसरले की जनावर जखमी होऊन पळतं, आणि जखमी डुकरामागे रात्री तुरीत कोण शिरणार.
एक अडचण आहे. निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा होतात, आणि पंचायतीचं वारं आत्ताच सुरू झालंय. तेवढ्यात तूर निघाली तर बरं.
दुसरं, जुन्या .३१५ ची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) सरळ आहे का ते घेण्याआधी कसं बघू?

विनय (कॅटी):
माशीचं नंतर, आधी बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघ, आतल्या आट्या (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) धारदार दिसल्या पाहिजेत, खड्डे असतील तर सोड. मग जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर विकणाऱ्यालाच मारायला लाव, पन्नास मीटर, बसून, तीन गोळ्या. काका जे काडतूस पुढे वापरणार तेच घ्या, दुसऱ्या लॉटचं नको. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत बसल्या तर रायफल ठीक, बाजूला बसल्या तर माशी सरकवता येते. विखुरल्या तर पैसे देऊ नकोस.

प्रमोद (एडिसन):
बरोबर बोलला. आन पाठ टेकून मारू नको म्हणा काकाले, जुनी .३१५ खांद्याले लय मारते. अनिल, माये हॉलचे पैसे चेकनं पाठवले होते, भेटले काय?