बॉसचा प्रत्येक मंत्र हवेतच विरतो: काउंटरस्पेलचा नियम कसा बांधावा?

राजवाडा_डीएम:
इंदूरला लोकमान्य नगरात आमचं टेबल दर रविवारी लागतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ) पाचवी आवृत्ती, नियम २०१४चेच. पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, ७व्या लेव्हलची: फायटर, विझार्ड, सॉर्सरर आणि कॉलेज ऑफ लोरचा बार्ड. शेवटचे तिघे मंत्र टाकणारे, तिघांकडेही काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा मंत्र तोडणारा मंत्र, आहे. कथा मांडूत घडते, शेवटची लढाई जहाज महालाच्या गच्चीवर एका तांत्रिकाशी. तो राउंडला (लढाईच्या एका फेरीत) एक मंत्र टाकणार आणि समोर तीन रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती, प्रत्येकाला फेरीत एकच) तयार. काउंटरस्पेल बंद करायचं नाही, खेळाडूंनी ते लेव्हल खर्चून घेतलंय. पण लढाईत जीव राहील असा नियम हवाय.

फासे_मोजणारा:
आधी हिशेब बघा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळेल. तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा मंत्र फासा न टाकताच तुटतो. त्यावरच्याला डी२० (वीस बाजूंचा फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेचा आकडा) मिळून १० अधिक मंत्राची लेव्हल गाठावी लागते, म्हणजे पाचव्या लेव्हलच्या कोन ऑफ कोल्डला (गारठ्याचा झोत) १५. मॉडिफायर +४ धरला तर ११ किंवा वर लागतात, म्हणजे ५० टक्के. एकाच्या हातून हे ठीकच आहे. पण तिघांनी ओळीने प्रयत्न केले की मंत्र वाचण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांवर येते.

स्लॉट (मंत्र टाकायचा ठरावीक साठा) संपतील या आशेवरही राहू नका. ७व्या लेव्हलला प्रत्येकाकडे तिसऱ्या लेव्हलचे तीन आणि चौथ्या लेव्हलचा एक, तिघांचे मिळून १२. तुमची लढाई चार-पाच राउंडांत संपेल.

२०२४च्या नियमात फासा मंत्र टाकणाऱ्याकडे गेला: त्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीराच्या काटकपणावर बचावाचा फासा) करायचा, चुकला तर मंत्र आणि अ‍ॅक्शन वाया, पण स्लॉट शाबूत. सेव्ह असल्यामुळे बॉसची लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह जमला असं धरायचा हक्क) तिथे चालते, जी २०१४च्या चेकपुढे (तोडणाऱ्याच्या फाशापुढे) काहीच कामाची नव्हती. तरीही पुरत नाही. डीसी (गाठायचा आकडा) १५ आणि बॉसचा सेव्ह +७ धरला तर मंत्र तुटण्याची शक्यता एका प्रयत्नात ३५ टक्के, तिघांत साधारण ७३. रोग प्रयत्नांच्या संख्येत आहे, डीसी वाढवून तो जाणार नाही.

उतारा:
वरच्याशी पूर्ण सहमत. म्हणून पहिला नियम हाच: एका मंत्रावर एका बाजूची एकच तोड, म्हणजे एकच काउंटरस्पेल. दुसऱ्याला मदत करायची असेल तर त्याने फक्त स्वतःची रिअ‍ॅक्शन द्यावी, तोड टाकणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा) मिळेल. तिसऱ्याचा हातभार नाही.

आपोआप तुटणं काढून टाका. डी२० अधिक मॉडिफायर, लक्ष्य १२. मंत्राची लेव्हल तोडीच्या स्लॉटपेक्षा जितकी जास्त, तितके दोन-दोन वाढवा. स्लॉट मोठा असेल तर तसेच कमी करा. पाचव्यावर तिसरा स्लॉट म्हणजे १६, चौथा म्हणजे १४. नवव्यावर तिसरा म्हणजे २४, तिथे +४वाल्याला २०च पडायला हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निकाल दोनच ठेवू नका. लक्ष्यापेक्षा ५ किंवा जास्त आले तर मंत्र तुटला. जेमतेम गाठलं तर मंत्र वाकला: नुकसानीचे फासे निम्मे. कोन ऑफ कोल्डचे आठ डी८ (आठ बाजूंचे फासे), सरासरी ३६. वाकला की चार, सरासरी १८. तिसऱ्या स्लॉटने एकट्याने तोड टाकली तर तुटण्याची शक्यता २० टक्के, वाकण्याची २५. मार खाणाऱ्याच्या सेव्हच्या आधीची सरासरी ३६वरून साधारण २४ होते. हातभार मिळाला तर १७. जुन्या नियमात तिघांपुढे तीच सरासरी ४.५ होती.

चेकमध्ये प्रोफिशियन्सी (सरावाचा जादा आकडा) मिळवू देऊ नका, आकडे लगेच सैल पडतात. अपवाद अ‍ॅब्जुरेशनच्या (संरक्षक मंत्रांच्या शाखेच्या) विझार्डचा. १०व्या लेव्हलला त्याला तो हक्क मिळतो, तो काढून घेणं अन्याय होईल.

बारा_चौकोन:
आकड्यांआधी नकाशा बघा. काउंटरस्पेलला मंत्र टाकणारा ६० फुटांच्या आत दिसावा लागतो, पाच फुटी चौकोन धरले तर बारा. जहाज महाल दोन तलावांच्या मधे, लांबी शंभर मीटरच्या वर. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. तांत्रिकाला एका टोकाच्या छत्रीत उभा करा, पार्टीला दुसऱ्या टोकाच्या जिन्याने वर आणा. तेराव्या चौकोनावरून टाकलेल्या मंत्राला तोड नाही. पुढे सरकायचं की आडोसा धरायचा, हा निर्णय खेळाडूंचा. फायटरलाही मग काम उरतं.

दुसरं, घोषणा. "तांत्रिक कोन ऑफ कोल्ड टाकतोय" असं म्हणालात की खेळाडू योग्य स्लॉट मोजूनच काढतात. "ओठ हलताहेत, हाताभोवती दव गोठतंय" एवढंच सांगा आणि मनात पाचपर्यंत मोजा. मंत्र ओळखायचा पर्यायी नियम आहे, अर्काना (जादूच्या ज्ञानाचा चेक) १५ अधिक लेव्हल, पण त्यात रिअ‍ॅक्शन जाते; ओळखणारा स्वतः तोड टाकू शकत नाही. मी म्हणेन, तोच मंत्र ज्याच्या स्वतःच्या तयार यादीत आहे त्याला फुकट ओळखू द्या.

राजवाडा_डीएम:
वाकणं आवडलं. पण बॅनिशमेंटला (लक्ष्याला दुसऱ्या जगात हाकलणारा मंत्र) फासेच नाहीत, निम्मं काय करणार? आणि हाच नियम शत्रूने खेळाडूंवर वापरला तर?

उतारा:
फासे नसतील तर वेळ कापा. वाकलेलं बॅनिशमेंट लक्ष्याच्या पुढच्या पाळीच्या अखेरीपर्यंतच टिकेल. टेलिपोर्टसारख्या एका क्षणात होणाऱ्याला वेळही नसतो. तो टाकणाऱ्याच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीला लागू होईल, तोवर त्याला पकडता येईल. सत्र सुरू होण्याआधी बॉसच्या यादीतल्या प्रत्येक मंत्रापुढे "वाकला तर" एक ओळ लिहून ठेवा. ऐन लढाईत ठरवायला गेलात की वाद होतो.

शत्रूच्या तोडीबद्दल थोडं सांभाळून. खेळाडू वीस मिनिटं पाळीची वाट बघतो आणि त्याची पाळी शून्य होते, हे बॉसचा मंत्र फुकट जाण्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतं. म्हणून खेळाडूचा मंत्र तुटला तर २०२४सारखा स्लॉट परत द्या. एका लढाईत शत्रूकडून दोनच तोडी. आणि तोडीवर तोड दोन्ही बाजूंना बंद, नाहीतर एका मंत्रावर दहा मिनिटं जातात.

फासे_मोजणारा:
रविवारच्या आधी कागदावर चार राउंड खेळून बघा. तांत्रिकाचे चार मंत्र लिहा, प्रत्येकापुढे तुटला, वाकला की लागला ती खूण करा. असं पाचदा. वीस मंत्रांत दहापेक्षा जास्त तुटले तर १२चं १३ करा. चारपेक्षा कमी तुटले तर ११. हातभाराच्या नियमाला मात्र हात लावू नका.