ह-शौ-वू : ‘शोधित’ म्हणावं की ‘संस्कारित’?

बोरू : उतारवयात घ्यायच्या चिनी औषधी मुळांचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. त्यात ह-शौ-वू या मुळाचे दोन प्रकार दिलेत, ‘शंग’ आणि ‘झी’. शंगला ‘कच्चं’ म्हटलं की भागतं. झी म्हणजे प्रक्रिया केलेलं, त्याला ‘शोधित’ लिहावं का? आणि नावाचं मराठी ‘काळकेशी’ कसं वाटतं?

खलबत्ता : ‘शोधित’ अजिबात नको. शोधित बचनाग, शोधित गुग्गुळ वाचायची सवय असलेला माणूस ‘शोधित’ दिसलं की दोष निघून गेला असं धरून चालतो. या मुळाच्या बाबतीत ते खरं नाही. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत, आणि त्यात प्रक्रिया केलेल्या मुळाच्याही आहेत. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2006 मध्ये याबद्दल सावध केलं होतं. एचएलए-बी*35:01 हा जनुकप्रकार ज्यांच्यात असतो त्यांना धोका जास्त, आणि तो आहे की नाही हे बरणीवरून कुणालाच कळत नाही.

‘संस्कारित’ लिहा. चरकाची व्याख्याच आहे, ‘संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते’. गुण बदलला एवढंच सांगायचं, निर्धोक झालं असं नाही. इथे नेमकं तेच होतं. कच्चं मूळ रेचक आहे, चिनी वैद्य ते बद्धकोष्ठावर देतात. वाफेने त्यातली अँथ्राक्विनोनची संयुगं मोडतात, रेचकपणा उतरतो आणि मग ते ‘बू’ म्हणजे बल्य (ताकद देणाऱ्या) गटात जातं. केस काळे व्हावेत म्हणून कुणी कच्चंच घेतलं तर जुलाब ठरलेले.

दौत : ‘भावना दिलेलं’ का नको? रस मुरवतातच की.

खलबत्ता : भावनेत चूर्ण रसात घोटून वाळवतात, शिजवत नाहीत. चिनी औषधिकोशातली कृती बघा. मुळाच्या 100 किलो चकत्यांना 10 किलो काळं सोयाबीन. ते सुमारे 4 तास उकळून 15 किलो रस काढायचा, चोथ्यात पुन्हा पाणी घालून 3 तासांत आणखी 10 किलो, एकूण 25. तो चकत्यांत मुरवायचा आणि रस पूर्ण जिरेपर्यंत मंद शिजवायचं, किंवा चकत्या आतबाहेर तपकिरी होईपर्यंत वाफवायच्या. मग वाळवण. म्हणजे भावना आणि स्वेदन (वाफवणं) दोन्ही आलं, एका शब्दात अर्धीच कृती सांगितली जाईल.

भांडं लोखंडाचं चालत नाही. या मुळात टॅनिन हे तुरट द्रव्य आहे. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र आले की शाई होते, तोच प्रकार. चकत्या काळ्या पडतात आणि रंगावरून शिजल्या की नाही ते ओळखता येत नाही. चकती मोडून बघावी : मध्ये फिकट डाग राहिला तर वाफ आतपर्यंत पोचलेली नाही.

शब्दखुंटी : आता नाव. ‘ह’ हे आडनाव, ‘शौ’ म्हणजे डोकं, ‘वू’ म्हणजे कावळा, त्यावरून काळा. चीनच्या थांग काळातल्या ली आओ या लेखकाच्या कथेतला ह-शौ-वू नावाचा म्हातारा 130 वर्षं जगला आणि केस तरी काळेच. पण ‘काळकेशी’ केलंत तर मराठी वाचकाला माका आठवेल. आपल्याकडे केस काळे करणाऱ्या वनस्पतीची ती जागा भृंगराजाने कधीच पटकावली आहे.

नाव तसंच ठेवायची रीत जुनीच आहे. चोपचिनी हे औषधी मूळ बघा, फारसी ‘चोब-ए-चीनी’, म्हणजे चीनचं लाकूड. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या ‘चीनच्या मुळा’वर अख्खं प्रकरण लिहिलंय. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथाने तिला ‘द्वीपान्तरवचा’ हे संस्कृत नाव दिलं, पण बाजारात चोपचिनीच टिकली. (दालचिनीतली ‘चिनी’ही फारसीतूनच आलेली.)

अमेरिकेतल्या बरण्यांवर ‘फो-ती’ असतं, ते तिथलं व्यापारी नाव, चीनमध्ये कुणी वापरत नाही. आणि ‘पांढरं शौ-वू’ ही वनस्पतीच वेगळी, ती याच नोंदीत घालू नका. माणसाच्या आकाराचं मूळ म्हणून जे विकतात ते तर बहुधा साच्यात वाढवलेला दुसराच कंद असतो.

बोरू : मग ‘संस्कारित ह-शौ-वू’ नक्की. आणि ‘अँटी-एजिंग’साठी ‘रसायन’?

दौत : नको. वैद्याला कळेल, बाकीच्यांना ‘केमिकल’ वाटेल. चरकाच्या दहा-दहा औषधींच्या गणांपैकी एकाचं नावच ‘वयःस्थापन’ आहे, तो शब्द घ्या.

खलबत्ता : मात्रेच्या रकान्यात दोन ओळी लागतील. औषधिकोशात रोज कच्चं 3 ते 6 ग्रॅम, संस्कारित 6 ते 12 ग्रॅम. आरोग्यपूरक म्हणून विकायच्या मालासाठी मात्र चीनने 2014 मध्ये कमाल मर्यादा घातली, कच्चं 1.5 ग्रॅम आणि संस्कारित 3 ग्रॅम. एकच आकडा छापलात तर वाचक मोठा उचलेल. खाली ठळक टाका : लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, यातलं काही झालं की घेणं बंद करून डॉक्टरांकडे जायचं. यकृताचा आजार असेल तर घ्यायचंच नाही.

शब्दखुंटी : आणि कृतीतल्या ‘ब्लॅक बीन’चं ‘उडीद’ करू नका, राजमाही नव्हे. ‘काळं सोयाबीन’ पूर्ण लिहा.