मदत हवी: पाथफाइंडरमधी फायटरला ग्रेटसोर्ड देऊ, ग्रेटपिक का गिसार्म?

राजेहो, पाथफाइंडर (टेबलावर फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) दुसऱ्या एडिशनमधी कोणी फायटर (हत्यारानं लढणारं पात्र) खेळत असाल तर जरा डोकं लावा. आमचा ग्रुप रविवारी खामल्यात बसते, माझा फायटर लेव्हल ४ चा, स्ट्रेंथ +४, अन् +१ स्ट्रायकिंग रून (अटॅकला +१ अन् डॅमेजला एक जास्तीचा फासा देणारी जादूची खूण) ज्याच्यावर बसवीन तेच हत्यार पुढं चालवायचं आहे, म्हणून या रविवारच्या आत ठरवणं आलं.

अटॅक +१३ (२० बाजूंच्या फाशात मिळवायचे), समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) २१ धरला, म्हणजे फाशावर ८ पासून हिट, १८ पासून क्रिट (एसीपेक्षा १० जास्त आला की दुप्पट डॅमेज). ग्रेटसोर्डचं डॅमेज २डी१२+४ (१२ बाजूंचे दोन फासे अन् वर ४), सरासरी १७, क्रिटला ३४, सगळं धरून दर वाराला १३.६ पडते. ग्रेटपिक (२डी१०+४) साधा लागला तर १५च, पण फेटल हा गुण असल्यानं क्रिटला फासे डी१२ होतात, मग दुप्पट, अन् वरून अजून एक डी१२, म्हणजे ४०.५, तरी दर वाराला १३.५७५. म्हणजे सारखंच झालं ना! आमचा मंक (ग्रुपमधलं दुसरं पात्र) पलीकडून उभा राहिला, म्हणजे फ्लँक झाला, की एसी २ नं उतरते, क्रिट १६ पासून, तेव्हा पिक १७.६ अन् सोर्ड १७. पण फ्लँक नसताना त्याच पाळीतल्या दुसऱ्या वाराला −५ लागला की सोर्ड ७.६५, पिक ७.३. अन् बॉस एसी २४ चा असला तर क्रिट फक्त २० वर, तिथं पिक पहिल्याच वाराला मागं पडते.

खरा घोळ गिसार्मचा आहे. डी१०, रीच (१० फुटांवरून वार), ट्रिप (समोरच्याला पाडता येते). दोन वारांचा राउंड धरला तर सोर्ड २१.२५ अन् गिसार्म १८.७५, फरक अडीचचा. पण रिॲक्टिव्ह स्ट्राइकला (समोरचा आपल्या टप्प्यात हलला की पाळीबाहेर मिळणारा वार) ते −५ लागत नाही, १० फुटांवरूनही मिळते, अन् पाडलेला उठला की अजून एक (वार तो उठल्यावर होते, म्हणून ऑफ-गार्ड, म्हणजे एसी २ नं कमी, धरला नाही). असा एक वार १२ चा, म्हणजे पाच राउंडांत एक जरी जास्तीचा भेटला तरी तूट जवळपास भरून निघते. मला तर गिसार्मच पटून राहिला, फक्त ट्रिपमधी एक ॲक्शन जाते अन् पुढच्या वाराला −५ बसते, ते कसं मोजायचं समजून नाही राहिलं.

तुमच्या टेबलावर रीचमुळे जास्तीचे रिॲक्टिव्ह स्ट्राइक खरंच किती भेटतात? पाडलेले मॉन्स्टर उठतात का पडल्या पडल्याच लढतात? अन् लेव्हल ५ ला एकच वेपन ग्रुप (हत्यारांचा प्रकार) निवडायचा आहे, क्रिट स्पेशलायझेशन (क्रिटला त्या ग्रुपच्या हत्याराचा जास्तीचा परिणाम) पकडून पिक पुढं जाते का? कोणी हिशोब केला असेल तर आकडे टाका भाऊ.