पुस्तकाच्या आत घडणाऱ्या गोष्टी : तुमचे वाचनानुभव लिहा

पुस्तकातलं जग खरंच कुठेतरी आहे आणि तिथे जाता येतं, अशा फँटसी कादंबऱ्यांचा मला भयंकर नाद आहे. तुम्ही कुठली वाचली, तिने तुमचं काय केलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझं पहिलं कॉर्नेलिया फुंकेचं 'इंकहार्ट' (मूळ जर्मन, २००३). त्यातला मो मोठ्याने वाचायला लागला की पुस्तकातली माणसं बाहेर येतात, पण बदल्यात इकडचं कोणीतरी आत जातं. एका रात्री खलनायक बाहेर आले आणि त्याची बायको आत गेली, तेव्हापासून तो लेकीला कधीच मोठ्याने वाचून दाखवत नाही. हा अदलाबदलीचा नियम वाचला आणि मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. जादू फुकट मिळत नाही म्हटल्यावर प्रत्येक पानाची धास्ती वाटायला लागते, आणि मला तरी या प्रकारात तीच धास्ती हवी असते.

---

धास्तीबद्दल अगदी सहमत. माझ्यासाठी मिखाएल एंडेचं 'द नेव्हरएन्डिंग स्टोरी' (१९७९). मला दोन रंगांत छापलेली प्रत मिळाली होती, आपल्या जगातला मजकूर एका रंगात आणि फँटास्टिका या पुस्तकातल्या जगातला दुसऱ्या, त्यामुळे बास्टियन हा वाचणारा मुलगा कुठे आहे ते शब्द वाचायच्या आधी डोळ्यांनाच कळायचं. प्रकरणं २६, आणि प्रत्येकाची सुरुवात ए ते झेडमधल्या पुढच्या पुढच्या अक्षराने. सगळे लोक पहिल्या अर्ध्या भागाबद्दल बोलतात, ड्रॅगन वगैरे, पण खरं पुस्तक दुसऱ्या अर्ध्यात आहे असं माझं ठाम मत. तिथे बास्टियनची एकेक इच्छा पुरी होते आणि तिच्यापायी घरची एकेक आठवण पुसली जाते, आणि त्याला ते कळतही नाही, शेवटी स्वतःचं नावसुद्धा जातं. मी तेव्हा शाळा बदलली होती, नव्या वर्गात कोणी बोलत नव्हतं, मलाही दुसरंच कोणीतरी व्हायचं होतं. ते वाचून रडलो होतो.

---

इंकहार्टमधला डस्टफिंगर! मोच्या वाचनाने पुस्तकातून बाहेर आलेला तो आपल्या जगात अडकलाय आणि त्याला फक्त परत घरी जायचंय. घर सोडून लांब राहणाऱ्या माणसाने वाचून बघा.

---

जास्पर फोर्डचं 'द आयर अफेअर' (२००१) कोणीच कसं नाही घेतलं? यात एक बदमाश शार्लट ब्रॉन्टीच्या 'जेन आयर' कादंबरीच्या मूळ हस्तलिखितातून नायिका जेनलाच पळवतो, आणि ती कादंबरी तिच्याच तोंडून सांगितलेली असल्यामुळे जिथून तिला उचललं तिथे गोष्ट थांबते, पुढची पानं कोरी. प्रथमपुरुषी निवेदनाचा एवढा हुशार उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. फक्त आधी मूळ 'जेन आयर' वाचाच, कारण या कादंबरीच्या जगात तिचा शेवट वेगळा असतो, आणि आपल्याला माहीत असलेला शेवट कसा येतो ती गंमत नाहीतर हातातून जाते.

---

वॉल्टर मोअर्सचं 'द सिटी ऑफ ड्रीमिंग बुक्स'. अख्खं शहर जुन्या पुस्तकांचं, खाली भुयारं, आणि पुस्तकं विषारीसुद्धा असतात. भुयारात एकडोळे बुकलिंग राहतात, प्रत्येकाने एकेका लेखकाचं सगळं साहित्य पाठ केलेलं. मी लांबच्या आजारपणात वाचलं, दिवसभर पडून असायचे आणि कुठला लेखक आपण पाठ करू याचाच विचार करत बसायचे, दुखणं तेवढा वेळ बाजूला राहायचं.

---

आम्ही इंकहार्ट लेकीबरोबर मोठ्याने वाचलं. मोची बायको आत जाते तो प्रसंग आला आणि लेकीने माझ्या तोंडावर हातच ठेवला, म्हणाली बाबा हे मनात वाच. तेव्हापासून वाटणी ठरलीय, खलनायकाचे संवाद तिने कुजबुजत वाचायचे, बाकीचं मी. आता त्याचा पुढचा भाग 'इंकस्पेल' चालू आहे, यात मोची लेक मेगी स्वतःच पुस्तकात जाते, आणि ती आत पोचली त्या पानावर माझी लेक मला पुढे वाचूच देईना, आधी मेगी परत येते का ते सांग म्हणाली. मी नाही सांगितलं. तुम्ही मुलांना असं आधी सांगता का?