'स्टॅटिक टायपिंग'ला 'स्थिर' म्हणावं का?

कामावर नव्याने आलेल्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. प्रोग्रॅममधली प्रत्येक किंमत आकडा की मजकूर, असा तिचा 'टाइप' असतो. त्याबद्दलच्या 'स्ट्राँग स्टॅटिक टायपिंग'ला 'सशक्त स्थिर प्रकारव्यवस्था' लिहिलं, तर एकीने विचारलं, "म्हणजे व्हेरिएबलमधली किंमत बदलायचीच नाही?" चूक तिची नाही, शब्दाची आहे. दुसरा सुचवा. आणि 'टाइप'ला 'जात' चालेल? व्याकरणात आपण शब्दांच्या जाती शिकतोच.

*

'स्थिर' नकोच. मुद्दा आहे तपासणी कधी होते हा: प्रोग्रॅम चालण्याआधी, कंपाइल होतानाच, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होतानाच. म्हणून 'पूर्वतपासणी'. 'स्ट्राँग'ला 'काटेकोर' म्हणा. एका प्रकारची गोष्ट दुसऱ्याच्या जागी खपवून घ्यायची नाही. हे दोन गुण वेगळे आहेत. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा काटेकोर आहे, '१' या मजकुरात १ हा आकडा मिळवू देत नाही, पण हे कळतं प्रोग्रॅम चालताना. सी ही भाषा आधी तपासते, पण ढिलाईने. जावास्क्रिप्ट तर मुकाट्याने '११' करून देते.

'जात' व्याकरणापुरती ठीक. 'काटेकोर जात' माझ्याच्याने लिहवणार नाही. 'प्रकार' पुरे.

*

'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' दोन्हींना आपण 'सुरक्षा' म्हणतो, हे मला जास्त खटकतं. पहिलीत अपघात टाळायचा असतो, दुसरीत समोर मुद्दाम वाईट वागणारा माणूस असतो. मी पहिल्याला 'निर्धोक' वापरतो.

२०१४मध्ये उघडकीला आलेली 'हार्टब्लीड' ही चूक आठवा. ती होती ओपनएसएसएलमध्ये, इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ते सीमध्ये लिहिलेलं. पाठवणारा सांगायचा, "मजकूर ६४ केबी आहे", पाठवायचा चिमूटभर. प्रोग्रॅमने ती लांबी खरी मानली आणि शेजारच्या मेमरीतलं काहीबाही परत धाडलं, त्यात पासवर्ड आणि खासगी किल्ल्यासुद्धा असू शकत. बाहेरून आलेली लांबी आणि तपासलेली लांबी, दोन्ही नुसते आकडेच! त्यांना दोन वेगळे प्रकार दिले आणि मेमरी वाचणारं फंक्शन फक्त दुसराच घेतं असं ठरवलं, तर तपासणी विसरल्यावर कोड कंपाइलच होत नाही. या दोन प्रकारांना मी 'न पाखडलेली' आणि 'पाखडलेली' लांबी म्हणतो.

*

'पूर्वतपासणी', 'काटेकोर', 'निर्धोक' घेतले. 'पाखडलेली'वर मात्र अडले. पाखडताना फोल उडतं, दाणे सुपात राहतात. लांबी खोटी असेल तर त्यातलं काहीच ठेवायचं नसतं, आख्खी विनंती परत करायची. नाणं खोटं निघालं की पारखी ते परत करतो, तसं. तिथे 'पारखलेली' हवं. 'पाखडणे' सॅनिटाइझसाठी (नको ते काढून बाकीचं ठेवणं) ठेवू, 'पारखणे' व्हॅलिडेटसाठी (खरं की खोटं ते तपासणं). आमच्या कोडमध्ये दोन्हींना 'क्लीन' हे एकच नाव आहे. उद्या आधी ते वेगळं करते.