मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतल्या तीन रेघा

नमस्कार मंडळी. लोकांना हसवणं हे आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय. आजोबा एकपात्री करायचे, बाबांनी तेच पुढे नेलं, मी विनोदी संहिता लिहिते. आता माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला आजोबांचा एक प्रवेश करायचाय.

आजोबांची वही आहे. त्यात शब्दांपेक्षा तांबड्या पेन्सिलीच्या उभ्या रेघाच जास्त. एक रेघ म्हणजे छोटा विराम, दोन म्हणजे हशा ओसरेपर्यंत थांबायचं, एवढं बाबांनी सांगितलं होतं. एका वाक्यापुढे मात्र तीन रेघा आहेत, आणि ते विचारायला आता बाबाही नाहीत. लेक तिथे थांबते, पण चेहरा कोरा ठेवायचा की प्रेक्षकांकडे बघायचं, यावर अडते.

मूकपटांतला प्रसिद्ध अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन (जन्म १८९५) लहानपणीच आईवडिलांबरोबर रंगमंचावर उभा राहिला. अमेरिकेतल्या मार्क्स बंधू या विनोदी नटांचे मामा अल शीन स्वतः नावाजलेले विनोदी नट होते. त्यांना घरातलं माणूस समोर बघून शिकता आलं. हिच्याकडे फक्त वही आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

रंगमंचावर काम केलेल्यांनी कृपया सांगा: एवढा मोठा विराम कशासाठी ठेवतात? तो तसाच पाळायला लावू, की तिला तिची लय सापडू देऊ? आणि एक जुनी कॅसेट सापडलीय, बहुतेक याच प्रयोगाची. फीत तुटेल या भीतीने लावलेली नाही. ती सुरक्षितपणे डिजिटल कशी करून घ्यावी?